ओटीपी कुणाच्या खिशात

पासवर्ड या शब्दाचा मला इतका राग आहे, की परवा नातीनं तिच्या खेळण्यातल्या तिजोरीला पासवर्ड घातला आणि मला म्हणाली, "आजी, ओळख पाहू", तर मी ती तिजोरी उचलून माळ्यावर ठेवून दिली. नात रडली. रडू दे. मी एका लहानशा शाळेत सव्वीस वर्षं लिपिक होते, आणि त्यातल्या शेवटच्या बारा वर्षांत लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्यापलीकडे मी काही केलं असेल, तर ते मला आठवत नाही.

या सगळ्या रागात एका दिवसाचा राग अजून ताजा आहे. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत आठवीतल्या एका मुलीचा वसतिगृहाचा अर्ज शाळेच्या लॉगिनमधून पुढे जायला हवा होता. गेला असता तर ती तालुक्याला राहून शिकली असती. नसता गेला तर तिसऱ्या दिवशी आईबापांबरोबर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसली असती. तिची मोठी बहीणही आठवीत असताना अशीच "चारच महिने" म्हणून गेली होती. परत आली ती शाळेत आली नाही. तिच्या दाखल्यावर "सतत गैरहजर" असं मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

पण आधी शाळेचं सांगते, नाहीतर राग कशाचा ते कळायचं नाही.

शाळा रिसोड तालुक्यातली, डांबरी रस्ता सोडून आत. आठ शिक्षक, एक मुख्याध्यापक, एक शिपाई आणि मी. सगळं ऑनलाइन झालं तेव्हा प्रत्येकाला आपापलं लॉगिन मिळालं. हजेरी त्यात, गुण त्यात, खिचडी किती पोरांनी खाल्ली तेही त्यात. दर दोन महिन्यांनी पोर्टल सांगायचं, तुमचा पासवर्ड शिळा झाला, नवा द्या. नव्यात एक मोठं अक्षर हवं, एक लहान हवं, एक आकडा हवा आणि शिवाय किबोर्डावरचं असलं एक चिन्ह हवं, ज्याला आमच्याकडे नावही नाही. जुना पुन्हा चालणार नाही. आमच्या गणिताच्या सरांनी मोटारसायकलचा नंबर ठेवला होता. मोटारसायकल विकली, तिच्याबरोबर पासवर्डही गेला. मराठीच्या मॅडमनी कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहून ठेवला. सव्वीस वर्षांत शिपायानं कपाट आतून कधी पुसलं नव्हतं, ते त्यानं त्याच आठवड्यात पुसलं. मग सगळे माझ्या टेबलाशी. "काकू, तेवढं उघडून द्या ना." जसा काही मी कमरेला जुडगा लावूनच बसले होते.

उघडून द्यायचं म्हणजे "पासवर्ड विसरलात का" यावर टिचकी मारायची. मग शाळेच्या नावापुढे नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी यायचा, आणि तो दहा मिनिटांत भरायचा. आठ शिक्षक आणि मुख्याध्यापक, सगळ्यांना मिळून हा एकच मोबाईल नंबर. तो शाळेचा नव्हता, मुख्याध्यापकांचा नव्हता आणि माझाही नव्हता. माझ्या नवऱ्याचा होता.

हे कुणी केलं? मी केलं. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या त्या शहाणीनं. ती नुकतीच कॉम्प्युटरचा कोर्स पास झालेली होती, प्रमाणपत्राला चौकट करून ते देवघराशेजारी टांगलेलं होतं, आणि पंचायत समितीच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती. नोंदणीचा फॉर्म आला. त्यात रकाना होता, "संगणकाचे काम पाहणाऱ्याचा मोबाईल क्रमांक". तिच्या पर्समध्ये तिचा मोबाईल होता. तिच्या पगारातून घेतलेला. नंबर तोंडपाठ. आणि त्या बयेनं मान खाली घालून, वळणदार आकड्यांत, नवऱ्याचा नंबर लिहिला. का? तर रेशनकार्डावर तोच लिहिला होता, गॅसच्या पुस्तकावर तोच, पोराच्या शाळेत तोच. चांगल्या घरच्या बाईचा नंबर कुठल्याशा सरकारी कागदावर फिरू नये, परके पुरुष फोन करतील. अगं, तुला कोण फोन करणार होतं? चाळीस ओलांडलेली, पायात काळ्या चपला, दप्तरात पोळी-भाजी. पण वाटत होतं तिला. जणू सगळा जिल्हा हिच्या नंबरासाठी ताटकळला होता.

तेव्हापासून शाळेत कुणाचा पासवर्ड हरवला, की मी आमच्या बुढ्याला, म्हणजे नवऱ्याला, फोन करायचे आणि तो शेतातून आकडे सांगायचा. "आठ. मंग तीन. थांब, चष्मा पाहू दे." चष्मा सापडेतो दहा मिनिटं सरलेली. पुन्हा पहिल्यापासून. पारावर तो लोकांना सांगायचा, शाळा माह्या नंबरावर चालते. लोक हसायचे आणि त्याला हेडमास्तर म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं. नंबर बदलून मिळावा म्हणून मी पुढे तीन अर्ज केले. उत्तर आलं, बदल वरून होईल. वरून म्हणजे कुठून, ते लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मी अर्जही केला नाही. शाळेचं महत्त्वाचं काम आपल्या घरात येतं, याचं त्या शहाणीला कौतुक होतं. मूर्ख.

आता तो दिवस.

वसतिगृहाचं पत्र आठ दिवसांपूर्वीच निघालं होतं, आमच्या शाळेच्या ग्रुपवर ते त्या दिवशी सकाळी पडलं. शेवटची मुदत आज, संध्याकाळी सहा. ज्या कुणी ते आठ दिवस दाबून ठेवलं, त्याला मी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथं लिहीत नाही, माझी सून हे वाचणार आहे. मुलीला आणि तिच्या आईला निरोप धाडला. दोघी बारा वाजता आल्या आणि कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. आईच्या मांडीवर वर्षाचं लेकरू. बाप आला नव्हता, पण चार माणसांत बोलला होता: "कागद आला त राहू द्या पोरीले. नाई आला त ट्रकात."

मुलीनं आल्या आल्या शाळेच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला. फक्त मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून पडताळून पुढे पाठवायचा. दहा मिनिटांचं काम.

मी पाणी प्यायला गेले. परत येते तर मुख्याध्यापक घाम पुसत उभे.

"काकू, लॉक झालं."

"काय लॉक झालं?"

"पासवर्ड. मले पक्कं आठवते, पहिलं अक्षर मोठंच होतं. मनून पाच वेळा तेच टाकून पाह्यलं."

"पाचही वेळा तेच?"

"चुकून दुसरं पडलं असन मनून."

माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस, मुख्याध्यापक असला तरी मला काकू म्हणणारा, म्हणून वाचला. मी टिचकी मारली आणि बुढ्याला फोन लावला. वाजून वाजून थांबला. अकरा वेळा लावला. तीन ओटीपी गेले आणि तिन्ही तिकडेच मेले. सोयाबीन काढणीचे दिवस, थ्रेशर चालू असणार. त्या आवाजात याला मेघगर्जना ऐकू आली नसती. शेवटी शिपायाच्या मोटारसायकलवर मागे बसले. साडी सावरत, खड्डे मोजत शेत गाठलं. रचलेल्या सोयाबीनच्या सुडीजवळ भुशाचा लोट, आणि त्यात आमचे धनी, डोक्याला दुपट्टा बांधून, पांढरे झालेले.

"आता कायले आली? डबा त सकाळीच देल्ला."

"फोन कुठी हाये?"

"बंडीत."

"बंडी कुठी हाये?"

"बाभळीवर."

बाभळीच्या फांदीला बंडी, बंडीच्या खिशात तंबाखूची पुडी, पुडीखाली आमच्या शाळेचं सगळं प्रशासन.

"अकरा फोन केले म्या. मेसेज नाई पाह्यला?"

"पाह्यला ना. आकडेवाला होता. तो त रोजच येते. मले वाटलं, तुहा मास्तर पुन्हा इसरला."

"मंग सांगाचं कोनं?"

"अन् नंबर कोनं लिवला होता?" तो थ्रेशरच्या आवाजात ओरडून बोलत होता, सगळे मजूर ऐकत होते. "मी गेल्तो का पंचायत समितीत, घ्या बापा माहा नंबर मनत?"

खरं होतं. खरं ऐकलं की मला दुप्पट राग येतो. "द्या तो फोन इकडं."

"अन् मले कोनाचा फोन आला त?"

"सांगीन, बाभळीवर हाये मनून."

परत शाळेत पोचायला पावणेचार झाले. माय-लेकी बाकावर तशाच. लेकरू झोपलं होतं. ओटीपी आला, मी तो माझ्या हातानं भरला. लॉगिन उघडल्या उघडल्या, मुख्याध्यापक "काकू, आधी अर्ज" म्हणत असताना, मी शाळेपुढचा नवऱ्याचा नंबर काढून स्वतःचा टाकला. तसं करायचं बटण वरून कधी आलं होतं कुणास ठाऊक, मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दोन मिनिटं गेली. जाऊ दे. बारा वर्षांच्या मानानं काहीच नाही.

मग अर्ज उघडला, आणि पोर्टलनं नवं काढलं. पालकाची संमती हवी. पालकाच्या मोबाईलवर ओटीपी जाईल.

"बापाचा नंबर कोणता लागलाय बघा," मी म्हणाले.

मुख्याध्यापकांनी नंबर वाचला. मुलगी बाकावरून म्हणाली, "बाबाजवळ फोनच नाई, मॅडम. तो मुकादमाचा नंबर हाये."

मुकादम म्हणजे मुलीच्या वस्तीवरून ऊसतोडीची टोळी जमवून नेणारा माणूस. मी प्रवेशाचं रजिस्टर काढलं. त्या वस्तीतल्या पोरांची पानं उलटली. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळ्यांच्या नावापुढे तेच दहा आकडे. बाप लोक पाचवीत नाव घालायला यायचे, मी विचारायचे नंबर सांगा, ते म्हणायचे मुकादमाचा लिवा. आणि मी लिहायचे. एकाही आकड्यावर खाडाखोड नाही. कुणी तपासायला आलं असतं तर सुंदर रजिस्टर म्हणून शेरा मिळाला असता. वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या चाव्या मी एका माणसाच्या खिशात नेऊन ठेवल्या होत्या. आणि हे त्या बारा वर्षांपूर्वीच्या शहाणीवर ढकलताही येत नव्हतं. शेवटची नोंद त्याच वर्षीच्या जूनमधली होती.

फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"मुकादम, शाळेतून बोलतेय. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील."

"आले ना."

"सांगा."

तो हसला. "मॅडम, ओटीपी कोनाले सांगाचा नसते. बँकवाले रोज सांगतेत. तुमी त शिकेल माणसं."

"हा बँकेचा नाही. मुलीच्या वसतिगृहाचा आहे. तिचा बाप तिथंच असेल, त्याला विचारा."

"बाप बाजूलेच हाये. त्याले काय समजते त्यातलं?"

"मग त्याला फोन द्या."

"मॅडम, एक सांगा मले." आता हसू गेलं होतं. "पोरगी इथी राह्यली त लेकरू कोन पाहीन? तिची माय एका हातात कोयता धरीन अन् एका हातात लेकरू? माह्या टोळीचा हिशेब नवराबायकोच्या जोडीवर असते. जोडीतली बाई अर्धा दिस लेकराजवळ बसली, त तोड कोन करीन? तुमी येता?"

"येते," मी म्हणाले. "आधी ओटीपी सांगा."

त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मी टेबलावर हात आपटला. काच आधीच तडकलेली होती, ती आणखी गेली. चार वाजून वीस मिनिटं. मुख्याध्यापक म्हणाले, "काकू, पालकाचा नंबर आपल्याले बदलता येते इथून. नवा टाकला की नव्यावर ओटीपी येईन."

"माझा टाका."

"तुमचा? नातं काय लिवू?"

"आत्या लिहा. मावशी लिहा. काहीही लिहा."

"घोषणापत्र हाये खाली. खोटं लिवलं त माही नोकरी जाईन."

"मग मी लिहिते. माझी राहिलीय किती."

आणि मी खुर्ची ओढून बसले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटत होतं. रागात आणि मोठेपणात माणूस सारखाच फुगतो. मी एका पोरीचं आयुष्य वाचवणार होते, माझ्या स्वतःच्या नंबरानं. पहिले चार आकडे टाकूनही झाले होते.

"मॅडम." कोपऱ्यातून आई बोलली. "माहा हाये."

"काय आहे?"

"नंबर."

तिनं कमरेला खोचलेली कापडी पिशवी सोडली. आत सुपारी, एक घडी घातलेली चिठ्ठी, आणि चिंधीत गुंडाळलेला लहानसा बटनांचा फोन. तिच्या भावानं दिलेला. मोठी लेक, तीच ती "सतत गैरहजर", त्यावर सासरहून बोलायची. ही पोरगी सोडून घरात दुसऱ्या कुणाला हा फोन माहीत नव्हता.

माझी बोटं किबोर्डावर तशीच राहिली. ती बाई बारा वाजल्यापासून आमच्यासमोर बसली होती. आम्ही बापाला विचारलं, मुकादमाला विचारलं, माझा नंबर घालायला निघालो. तिला विचारलं नाही. चार वर्षं तिची पोरगी आमच्या शाळेत होती, ही दर निकालाला यायची, दाराशी उभी राहायची. मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं, बाई, तुझा नंबर सांग. नवऱ्याचा नंबर आपला म्हणून लिहिणाऱ्या त्या जुन्या बयेला मी वर्षानुवर्षं हसत आले होते. ती कुठं गेली नव्हती. त्या खुर्चीतच बसली होती, फक्त केस पांढरे झाले होते.

"हा कागदावर येईन ना?" तिनं विचारलं. "बाहेर समजन?"

"समजेल," मी म्हणाले. तिला खोटं सांगण्याइतकी माझी लाज गेली नव्हती. "अर्जाची प्रत घरी द्यावी लागते. नंबर त्यावर असतो."

तिनं मांडीवरच्या लेकराचं अंगडं नीट केलं. फोन सापडला तर नवरा घेईल, मुकादमाला कळेल की आकडे कुठून आले, आणि पुढचे चार-पाच महिने तिला त्याच माणसाच्या हाताखाली ऊस तोडायचा होता. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"येऊ द्या," ती म्हणाली.

नंबर पोरीनं सांगितला. मी माझे चार आकडे पुसले आणि तिचे दहा टाकले. नातं, आई. तिच्या फोनला आत रेंज नव्हती, म्हणून तिला फोन घेऊन मैदानात पाठवलं. ती झेंड्याच्या खांबाजवळ फोन वर धरून उभी, पोरगी तिच्या शेजारी, शिपाई मध्ये दारात, आणि आम्ही खिडकीशी. फोन वाजला तसा आईनं तो पोरीच्या हातात दिला. तिला आकडे वाचता येत नव्हते. पोरीनं एकेक आकडा मोठ्यानं म्हटला, शिपायानं तो पुढे दिला, मुख्याध्यापकांनी टाकला. पाच वाजायला थोडा वेळ असताना अर्ज गेला. प्रत निघाली. प्रिंटरनंही त्या दिवशी कागद अडकवला नाही, कदाचित माझं तोंड पाहून.

तिसऱ्या दिवशी ट्रक निघाला. बाप शब्दाला जागला, एवढं त्याच्या नावावर लिहायला हवं. मुकादम त्याच्याशी बराच वेळ भांडला म्हणे, त्यानं फक्त कागद दाखवला आणि म्हणाला, "आला ना कागद." फोनचं काय झालं ते मला कळलं नाही. आई ट्रकमध्ये चढली, लेकरू तिच्या पाठीशी बांधलेलं. त्या लेकराचं पुढे उसाच्या फडात काय होणार होतं, ते कुठल्याच अर्जात लिहायचं नव्हतं. एका पोरीचा अर्ज गेला म्हणून मी कुणाला पेढे वाटले नाहीत.

मुलीला वसतिगृहात मीच सोडायला गेले, एसटीनं. दारातच टेबल मांडलेलं, तिथं एक तरुण लिपिक बसलेली. नीटनेटकी, केसाला क्लिप, समोर रजिस्टर, रेषा आखलेल्या.

"वडिलांचा मोबाईल नंबर?"

मुलीनं दहा आकडे सांगितले. न अडखळता. लिपिकेनं लिहिले.

"वडिलांचाच आहे ना?"

"आईचा."

तिनं पेन थांबवलं. "रकाना वडिलांचा आहे. वडिलांचा सांग. नसेल तर काकांचा, शेजारच्यांचा, कुणाचाही चालेल."

मी तिला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मागे रांगेत उभे असलेले बाप लोक ऐकायला पुढे सरकले एवढं आठवतं. कुणाचाही म्हणजे कुणाचा, असं मी विचारलं. मुकादमाचा चालेल का, विचारलं. तुझा स्वतःचा नंबर कुणाच्या खिशात असतो, हेही विचारलं, आणि ते विचारताना तिचा चेहरा असा काही झाला की पुढचं वाक्य मी गिळलं.

"काकू, तुमी माह्यावर कायले रागावता," ती हळूच म्हणाली. तालुक्याची बोली आता तिच्याही तोंडी आली होती. "रकाने छापून येतेत. मी थोडीच छापते."

"छापत नाहीस. भरतेस ना?"

मुलगी आमच्या मध्ये ट्रंक धरून उभी होती. तिला फक्त आत जायचं होतं.

लिपिकेनं पट्टी घेतली आणि "वडील" या छापील शब्दावर आडवी रेघ मारली. पेन नीट चालत नव्हतं. तिला दोनदा मारावी लागली. मग वर, बारीक अक्षरात, तिनं "आई" लिहिलं आणि रजिस्टर फिरवून सहीसाठी मुलीपुढे केलं.